लुत्सियाचा आवाज

ही गोष्ट रचलेली नाही. रचली असती, तर तिच्यात मी स्वतःला जरा बरा माणूस दाखवला असता.

२४ डिसेंबर १९८३. झारासाय शहराच्या पुढे, तळ्याकाठचं आमचं गाव. संध्याकाळचे साडेचार, आणि बाहेर मिट्ट काळोख.

कूचोसच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणाची वेळ. घरात आम्ही दोघंच. मी, रापोलास, आणि माझी बार्बोरा मावशी. मावशीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं.

टेबलावर गवत पसरून वर पांढरं कापड. हेरिंग मासा, बिटाचं सार, खसखशीचं दूध. आणि तिसरं ताट... रिकामं. शेजारी मेणबत्ती.

त्या वर्षात घरातलं जे माणूस गेलं, त्याचं ते ताट. मावशीच्या एकुलत्या एक मुलीचं. लुत्सियाचं. तिला जाऊन तेराच दिवस झाले होते.

लुत्सिया म्हणजे सिनेमातली लुत्सिया गार्नीते. एकोणिसाव्या वर्षी सिनेमावाल्यांनी तिला इथून निवडून नेलं ते थेट लेनिनग्राडला. उंच, गोरी, सरळ नाकाची. त्यामुळे रशियन सिनेमात तिला कायम परदेशी बाईचंच काम. जर्मन अधिकाऱ्याची बायको, इंग्रज बाई, फ्रेंच हेर. असे अठरा सिनेमे.

“रापोलास, मी इतक्या देशांसाठी मेले,” ती हसून म्हणायची, “पण एकानंही पासपोर्ट दिला नाही.”

पण तिच्या रशियन बोलण्याला आपल्या भाषेची ढब. म्हणून पडद्यावरचं तिचं बोलणं दरवेळी दुसरीच बाई भरायची. लेनिनग्राडची, जाड घोगऱ्या आवाजाची. अठराही सिनेमांत तीच.

एकदा तिचा सिनेमा गावच्या क्लबात लागला. लुत्सियाही आली होती. मावशी पहिल्या रांगेत बसली, कान टवकारून.

“आमची कधी बोलणार रे?” तिने मोठ्याने विचारलं.

“मावशी, आत्ता तीच बोलतेय.”

“ही? ही माझी पोर नव्हे. हिला तर सर्दी झालीय!”

सगळा हॉल हसला. लुत्सिया मागे भिंतीला टेकून उभी होती. ती हसली नाही.

घरी दोघींची जुंपली. मावशी रागाच्या भरात म्हणाली, “आपला आवाज दुसरीला देऊन बसलीस. आपल्या आवाजात बोलशील, तेव्हाच या घरात ये.”

मावशी हट्टी, आणि लुत्सिया तिचीच मुलगी. सात वर्षं आली नाही.

मी तेव्हा आमच्या राजधानीत, विल्नियसच्या स्टुडिओत ध्वनी विभागात होतो. ८२ साली लुत्सियाला पहिल्यांदाच आपल्या भाषेतला सिनेमा मिळाला. शेतकरणीचं काम. तिचा स्वतःचा आवाज! पण सिनेमा वरच्या अधिकाऱ्यांना आवडला नाही. रिळं मॉस्कोला गेली ती गेलीच.

त्याआधी तिने माझ्याकडून एक टेप करून घेतली. सिनेमातला एक प्रसंग, आणि पुढे आईसाठी चार शब्द.

“आईला ऐकव. ती ये म्हणाली, तरच येईन. आणि विसरू नकोस हां, विसरभोळ्या!”

मी गेलो नाही. आज जातो, उद्या जातो करत राहिलो. मग मेव्हण्याचं लग्न निघालं. बँडचं वादन टेप करायचं होतं, आणि कोरी टेप काही मिळेना...

मी तीच लावली.

मुद्दाम केलं नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. पण डब्यावर तिचं नाव होतं. माझ्याच अक्षरात.

पुढच्या वर्षी, डिसेंबर लागताच तिचा फोन आला.

“ऐकवलीस?”

“ऐकवली.”

“काय म्हणाली?”

“रडली गं. म्हणाली, कूचोसला ये.”

पलीकडे ती नाक ओढत म्हणाली, “गाढवा, आधी सांगायचं ना!”

तिला धीर निघाला नाही. दोन आठवडे आधीच गाडी घेऊन निघाली. वाटेत, प्स्कोव्ह शहराच्या पुढे गाडी बर्फावरून घसरली.

तर ती संध्याकाळ. मावशीने नाताळची पातळ पापडी मोडून अर्धी माझ्या हातात दिली. तेवढ्यात...

अंगणात भुंकणारा कुत्रा गप्प झाला.

पायऱ्यांवर बर्फ करकरला. एक... दोन... तीन.

दारावर टकटक.

“कोण आहे?” मावशीने विचारलं.

“आई... दार उघड. मी आलेय.”

माझ्या हातातली पापडी गळून पडली.

तो घोगरा आवाज होता. लेनिनग्राडच्या त्या बाईचा. लाखात ओळखला असता मी. पण शब्द आपल्या भाषेतले... आणि त्या बाईला आपल्या भाषेत साधं ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं.

“वाट चुकलात का, बाई?”

“आई, मी लुत्सिया. तू ये म्हणालीस ना?”

“मी कुणाला काही म्हटलं नाही. माझी पोर गेलीय हो. आजच्या दिवशी तरी अशी थट्टा करू नका.”

मग मावशीने चाचपडत माझं मनगट धरलं.

“रापोलास, तू तर आवाजाचंच काम करतोस. सांग मला. ही माझी लुत्सिया आहे का?”

मला कळलं होतं. तिचा आवाज मी पुसला होता. तिच्याकडे हा एकच उरला होता.

पण हो म्हटलं, तर टेपचं सांगावं लागणार. फोनवर काय बोललो, तेही. भीती वाटत होतीच, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा लाज मोठी होती.

“नाही मावशी,” मी म्हणालो. “परकी बाई आहे कुणीतरी.”

बाहेरून रडणं ऐकू आलं. दाबलेलं, दाराला अगदी लागून. मग तेही थांबलं.

बऱ्याच वेळाने मी दार उघडलं. बर्फात पावलं दारापर्यंत आली होती... परत गेलेली नव्हती.

आम्ही जेवायला बसलो. मावशीने चमचा उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“आवाज परकाच होता रे. पण रडली अगदी माझ्या पोरीसारखी. श्वास ओढून ओढून. तू नक्की सांगतोस ना, ती नव्हती?”

“नक्की,” मी म्हणालो, आणि आणखी सार वाढून घेतलं.

मावशी पुढे आठ वर्षं जगली. दर कूचोसला दाराची कडी काढून बसायची. कुणी आलं नाही. मी शेवटपर्यंत तिला काही सांगितलं नाही.

आता मी एकटाच असतो. ताट कुणाचंच मांडत नाही. साडेचार वाजले की टीव्ही मोठ्याने लावतो, म्हणजे दार कुणी वाजवलं तरी मला ऐकू येऊ नये.