धुराच्या खुणा

मेव्हणी दुकानात आली तेव्हा मी एका पंख्याची मोटर उघडून बसलो होतो.

"भाऊजी, शटर ओढा," एवढंच ती म्हणाली.

मी आधी स्क्रू डबीत टाकले. मग विचारलं, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?"

तिने स्वतःच शटर खाली ओढलं. तेव्हा कळलं.

आमच्या हिला दमा होता. शेजारी कुणी सिगारेट पेटवली तरी ही खिडकी लावून घ्यायची. मेंदू संशोधनाला द्यायचं तिनेच ठरवलं होतं. म्हणायची, "डोकं तुम्ही आयुष्यभर खाल्लंत. उरलंसुरलं त्यांना देते."

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं होतं. माणूस जे भोगतो त्याच्या खुणा जनुकांवर बसतात. मेल्यावर त्या मेंदूत किती टिकतात, हे त्यांना पाहायचं होतं. तुकडे गोठवून ठेवायचे आणि अधूनमधून एक काढून तपासायचा.

एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला. स्वतःचा तसाच निवू दिला.

"त्या सिगारेट ओढायच्या?"

"छे! नुसत्या वासानं गुदमरायची."

"पहिल्या तुकड्यांत काहीच नव्हतं. आता धुराच्या खुणा आहेत. दर वेळी जास्त. गोठलेल्या तुकड्यात खुणा एक वेळ पुसट होतील, नव्या कशा उमटतील?"

"अदलाबदल झाली असेल."

"मलाही तेच वाटलं. त्यांच्या बहिणीच्या रक्ताशी ताडून पाहिलं. मेंदू त्यांचाच आहे." बाईंनी कप बाजूला सारला. "घरात कोण ओढतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

ही गेल्यापासून मी ओढत होतो. स्वयंपाकघरात, तिच्या खुर्चीसमोर बसून.

घरी येऊन पाकीट कचऱ्यात टाकलं. तिला त्रास नको. हात रिकामे राहिले की चैन पडेना. चालू पंखे उघडून पुन्हा बसवायचो, बंद केलेले नळ पुन्हा आवळायचो.

मग बाईंचा फोन आला. आवाज मोकळा होता.

"खुणा पुसट होताहेत. धुरातून उठून गेलेल्या माणसाच्या होतात, तशा. आता थोड्याच उरल्यात."

"त्या गेल्या की?"

"की काही नाही. मग सगळं ठीक."

मी नवं पाकीट आणलं. खिडकी लावून घेतली.

समोरची तिची खुर्ची टेबलापासून मागे सरकली आहे. मी सरकवलेली नाही.

काडी हातात आहे. अजून ओढलेली नाही.