न जोडलेली बाजू

पनवेलमध्ये अक्कल असलेला माणूस शाहीदला अजून भेटायचा होता. तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. पहिली पाळी आटपून साडेतीनला मोहल्ल्यातल्या घरी यायचा आणि जेवता जेवता दिवसभरात भेटलेल्या गाढवांची नावं बायकोला ऐकवायचा. सुपरवायझर गाढव, बसचा ड्रायव्हर गाढव, मीटर उलटा बसवणारा फिटर तर गाढवाच्याही खालचा. सफूरा भाकरी वाढत ऐकून घ्यायची.

२०११च्या हिवाळ्यात त्याने घरातच व्हिडिओ गेम पार्लरमध्ये असतं तसं खेळायचं यंत्र बांधायला घेतलं. प्लायवूडची उतरती फळी, दोन माणसं शेजारी शेजारी बसतील एवढी रुंद. दोन्ही बाजूंना एकेक दांडी आणि सहा-सहा गोल बटणं. मागे जुना कॉम्प्युटर. आता एकच प्रश्न उरला होता, बटण दाबल्याचं कॉम्प्युटरला कळवायचं कसं? त्यासाठी मधे एक छोटा बोर्ड लागतो. त्याला एन्कोडर म्हणतात. बटण दाबलं की तो कीबोर्डचं एखादं अक्षर दाबल्याचं कॉम्प्युटरला सांगतो.

कमळाकर हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. उरण नाक्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो म्हणाला, "एन्कोडर कशाला विकत आणतोस? जुना कीबोर्ड फोड, आतला बोर्ड काढ, त्यालाच तारा डकव. माझ्याकडे पडलेत चार."

शाहीदला हेच हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकं असतानाच त्याने तसला एक कीबोर्ड काउंटरवर ठेवला आणि तीन कळा एकदम दाबल्या. पडद्यावर चार अक्षरं उमटली.

"तीन दाबल्या, चार आल्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आतल्या तारा सामाईक असतात, म्हणून न दाबलेली कळसुद्धा दाबल्यासारखी वाटते. इंग्रजीत याला घोस्ट, म्हणजे भूत म्हणतात, कमळाकर. ते तुझ्यासारख्यांच्या कीबोर्डात राहतं."

गिऱ्हाइकं हसली. "मी आपलं सुचवलं," एवढंच कमळाकर म्हणाला आणि कीबोर्डची वायर गुंडाळू लागला. गुंडाळून झाली तरी गुंडाळतच राहिला.

शाहीदने मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चांगला एन्कोडर आणला. त्यात प्रत्येक बटणाला स्वतंत्र जागा होती, भुताला कुठे फटच नव्हती. त्याने पहिल्या खेळाडूची बाजू जोडली. दुसऱ्या बाजूची बटणं नुसती बसवून ठेवली, खाली एकही तार नाही.

"ती बाजू?" सफूराने विचारलं.

"तिथे बसायच्या लायकीचा आहे कोण?"

बुधवारी, दुपार कलतानाची असरची अजान होऊन गेल्यावर, त्याने जुना हाणामारीचा गेम लावला. दुसऱ्याच फेरीत खेळ थांबला आणि दुसरा खेळाडू आल्याची पाटी पडद्यावर झळकली. समोर निळ्या कपड्यातला पहिलवान येऊन उभा राहिला. एक पाऊल पुढे आला, एक मागे गेला. बस.

शाहीद हसला. प्रोग्राम लिहिणाराही गाढवच. त्याने सेटिंगमध्ये जाऊन दुसऱ्या खेळाडूची सगळी अक्षरं काढून टाकली.

गुरुवारी निळा पुन्हा आला. या वेळी तो उड्या मारून बघत होता, हात चालवायला शिकत होता. शाहीदने मल्टिमीटर लावून एकेक टोक तपासलं. काही सापडलं नाही. त्याने एन्कोडर बदलला. तो दुसरा एन्कोडरही निर्दोष निघाला. शुक्रवारी निळा शाहीदचेच डाव शाहीदवर टाकू लागला.

शनिवारी त्याने तिसरा एन्कोडर बसवला. त्या दिवशी निळ्याने शाहीदला हरवलं नाही. त्याची सगळी ताकद संपवत आणली, एका फटक्याचं काम उरलं आणि तो मागे सरकून उभा राहिला. शाहीद धावून जाऊन मारत होता. निळा नुसता अडवत होता. वेळ संपेपर्यंत.

असं उभं राहणं शाहीदला चांगलं माहीत होतं; समोरच्याला खिजवायला तो स्वतः असाच उभा राहायचा. त्याचे कान तापले.

"कोण आलंय?" सफूरा स्वयंपाकघरातून म्हणाली.

"कोणी नाही."

"मग बटणं दोघांची वाजतायत ती? मेहमान असतील तर चहा टाकते."

शाहीदने हात थांबवले.

टकटक चालू होती.

त्याने दुसऱ्या बाजूच्या बटणांवर पालथा हात ठेवला. प्लास्टिक गार होतं. हलत काही नव्हतं.

मग त्याच्या हाताखाली मधलं बटण आत गेलं. आणि वर आलं.

रविवारी सकाळी त्याने ते यंत्र टेम्पोत घालून कमळाकरकडे पोचवलं. "भंगार आहे, तुझ्या दुकानात शोभेल," तो म्हणाला, पण त्याचा आवाज नेहमीसारखा लागला नाही. कमळाकरने काही न विचारता ते ठेवून घेतलं.

पुढचे आठ दिवस शाहीदने जेवताना कुणाला गाढव म्हटलं नाही. नवव्या दिवशी पाळीवरून येताना तो उरण नाक्यावर उतरला. दुकानात यंत्र एका भिंतीला लावलेलं होतं. त्याच्यासमोर गिऱ्हाइकांचं लांब बाकडं. शाहीद बाकड्याच्या टोकाला टेकला.

"माझ्याशी खेळत नाही रे तो निळा," कमळाकर काउंटरमागून म्हणाला. "मी चालू केलं की येतो, उभा राहतो. मी मारलं तरी हात उचलत नाही. कुणाची तरी वाट बघतोय, असं वाटतं."

तुला खेळता येत नाही म्हणून, असं शाहीदच्या अगदी ओठावर आलं होतं. पण तो म्हणाला, "मी तुला त्या दिवशी लोकांसमोर बोललो, ते..."

"सोड रे."

तेवढ्यात गव्हाण गावची भीमाबाई रिकामी पाटी घेऊन आत आली. नाक्यावर मासे विकून परत जाताना ती इथे मोबाइल चार्जिंगला लावून घटकाभर बसायची. तिने कमळाकरकडे फोन दिला, पाटी खाली ठेवली आणि बाकड्यापाशी येऊन उभी राहिली.

"जरा सरक रं बाबा," ती म्हणाली. "पाय दुखतान आमचं."

बाकड्यावर टोकाला तो एकटाच होता, बाकी सगळं रिकामं. तरी शाहीद सरकायला लागला.

"तू नाय रं," भीमाबाई त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

शेजारचं कुणी सरकेपर्यंत थांबावं तशी ती क्षणभर थांबली. मग लुगडं आवरून बसली.