नावाची बाजू

११ मे १९२९, शनिवार. आभाळ कोरडं. सकाळपासूनच झळा, आणि दुपारी वलगावच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

शालिकराम कंपाउंडर जेवून घटकाभर आडवा झाला होता. उठला, माठातलं पाणी प्यायला आणि डोळे चोळत पुढच्या खोलीत आला. काम रोजचंच होतं. आत बायको तापानं पडली होती, तिला दुपारचा डोस द्यायचा होता.

पुढच्या खोलीला लोक दवाखाना म्हणत. होतं काय तिथे? एक टेबल, खल, तराजू, कार्बोलिकचा वास आणि भिंतीला ठोकलेली लांब सागवानी फळी. फळीवर रोग्यांच्या बाटल्या. शालिकरामची एक रीत होती आणि तिची भातकुलीपर्यंत चेष्टा चाले. तो औषधाची बाटली कोणालाच घरी नेऊ देत नसे. मोठ्या लढाईत तो बसऱ्याच्या फौजी इस्पितळात होता. तिथे डोस समोर प्यावा लागे, तीच सवय त्याच्या अंगात मुरली होती. घरी नेलेलं औषध लोक एका दमात पिऊन टाकतात, नाहीतर शेजाऱ्याला वाटतात, असं त्याचं म्हणणं. म्हणून ज्याच्या त्याच्या नावाची चिठ्ठी डकवलेली बाटली फळीवर राही, आणि माणूस सकाळ-संध्याकाळ येऊन त्याच्या डोळ्यांदेखत पिऊन जाई. गाव याला परेड म्हणे. बायकोला, माणिकबाईला, ताप आला तेव्हा तिचीही बाटली त्याच फळीवर लागली. तेव्हा तिला बोलायची ताकद होती. "घरच्या माणसाले तरी सूट द्या," ती म्हणाली होती, "का मीही रांगेत उभी राहू?"

फळीवर सगळी नावं पुढे, एका ओळीत असत. त्या दुपारी एक नाव दिसत नव्हतं. एक बाटली नावाची बाजू भिंतीकडे करून उभी होती.

कोणाची, ते त्याला जागेवरूनच कळलं. तो तिथेच स्टुलावर बसला. 

कारण या उन्हाळ्यात ही तिसरी खेप होती. पहिल्यांदा फुलमाळ्याच्या गोदाबाईची बाटली अशी फिरलेली दिसली. झाडणाऱ्या गंगूबाईचा धक्का लागला असेल, म्हणून त्यानं तिला विचारलं. ती फणकारली, "मी काहून हात लावू बाप्पा? तुमची फळी म्हणजे देवघर. धूळ पुसली तरी तुमी खेकसता." गोदाबाई दुसऱ्या दिवशी गेली. म्हातारी होती, लोक हळहळले आणि विसरले. मग पंजाबरावची बाटली. पंजाबराव म्हणजे काळ्या जमिनीचा धनी, बैलासारखा गडी, नुसत्या अपचनाचं औषध घेत होता. सकाळी बाटली फिरलेली दिसली आणि संध्याकाळी शेतातून त्याला बाजेवर घालून आणलं. ऊन लागून गेला होता.

बाटली फिरण्याचा अर्थ गावात दुसऱ्या कोणाला कळण्यासारखा नव्हता. तो बसऱ्याचा होता. तिथल्या तापाच्या वॉर्डाचे हवालदार खुशालराव, अकोल्याकडचे माळी, दुपारच्या फेरीत खाटांमधून चालत. ज्या शिपायाच्या उशाची बाटली ते भिंतीकडे फिरवत, त्याला मग औषध द्यायचं नाही, नुसतं कापसाच्या बोळ्यानं पाणी. औषध कमी आणि माणसं फार, म्हणून ही रीत. खुशालरावांचा हात कधी चुकला नाही. शालिकराम आधी त्याच वॉर्डात रोगी होता आणि बरा झाल्यावर तिथेच कामाला लागला. पुढे धीर करून त्यानं विचारलं होतं, की तुम्हाला कळतं कसं? खुशालराव म्हणाले होते, "हात जाते तिकडे."

माणिकबाईचा ताप मुदतीचा. उमरावतीचे डॉक्टर येऊन पाहून गेले होते. मुदत संपेपर्यंत वाट पाहायची, त्यांनीही एवढंच सांगितलं. शालिकरामनं डोस ओतला, पण बाटली सरळ केली नाही. तसं करायला का कोण जाणे, हात धजेना.

दुसऱ्या दिवशी बायकोजवळ गंगूबाईला बसवून तो पहाटेच्या छकड्यानं उमरावतीला गेला आणि तिथून बडनेऱ्यावरून आगगाडीनं अकोल्याला. डबा तापलेल्या तव्यासारखा होता. समोरचा शेतकरी कांदा फोडून खात होता, त्यानं अर्धा पुढे केला, शालिकरामनं तो हातात घेतला आणि उतरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

खुशालरावांची वाडी मोर्णेच्या काठी होती. नदी आटलेली, पात्रात खरबुजाचे वेल. खुशालराव निंबाखाली बाजेवर बसले होते. डोळे गेलेले, बाकी शरीर अजून ताठ. पावलांच्या आवाजावरूनच त्यांनी ओळखलं. "शालिक का रे? अजून पाय घासतच चालते लेकाचा."

सून जमुना गुळपाणी ठेवून आत गेली. शालिकरामनं सगळं सांगितलं. गोदाबाई, पंजाबराव आणि आता घरची. खुशालराव ऐकत बाजेच्या सुंभावरून बोट फिरवत राहिले.

"तुमची विद्या माह्यात आली असंन का, हवालदार? झोपेत मीच फिरवत असंन का?" शालिकरामनं विचारलं.

"विद्या कायची..." ते म्हणाले. "म्या एकही बाटली फिरवली नाही, शालिक."

"आमी डोळ्यानं पाहत होतो."

"तुमी काय पाह्यलं? हात लावताना पाह्यलं. फिरवताना नाही. मी जायच्या आधीच ते फिरलेली राहे. तुमी पोट्टे घाबरान म्हणून मी नुसता हात ठेवत होतो... लोक म्हणत, हवालदार कठोर. म्हणू दे."

निंबावर होला घुमत होता. बाकी दुपार अशी निपचित, की लांब रहाट थांबलेला कळावा.

शालिकरामनं विचारलं, सरळ केली तर?

 एकदाच केली होती, असं खुशालराव सांगू लागले. एक कोवळा पोरगा होता, वऱ्हाडातलाच. रात्रंदिवस तापात बरळे. त्याची बाटली फिरलेली दिसली तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही, त्यांनी ती सरळ केली. पोरगा वाचला. पण लगेच शेजारच्या खाटेची बाटली फिरली. त्या खाटेवर त्यांचा धाकटा भाऊ पुंजाराम होता. त्याला साधा ताप होता, दोन दिवसांत तो पलटणीत परत जाणार होता.

पुंजारामच्या शेजारच्या खाटेवर कोण होतं, ते शालिकरामला विचारावं लागलं नाही. पुंजारामचं कण्हणं त्यानं तापात ऐकलं होतं. बरा झाल्यावर पहिल्यांदा उठून बसला तेव्हा ती खाट रिकामी होती. हातातला गुळाचा खडा त्याला तोंडात घालवेना.

"खाय," खुशालराव म्हणाले. "मी काय हिशेब मांगून राहिलो? तू आला, बरं झालं." मग म्हणाले, "जे सरळ करशीन, तिच्या जवळची फिरते. एवढं ध्यानात ठेवजो. फळीवर कोणकोणाच्या हायेत?"

शालिकरामनं नावं सांगितली. त्यात लेकुरवाळी आशाबाई होती, पार्बताबाईचा एकुलता एक लेक होता.

निघताना खुशालरावांनी त्याचा दंड धरला. आपल्यालाही एक औषध हवं, खोकला सतावतो, असं म्हणाले, आणि माणूस दाखवण्यापुरता खोकतो तसे एकदा खोकले. "इथच्या डाक्तरचं नको. तुह्या हातचं. नाव मोठं लिहिजो माह्यं, आणि घरी गेल्याबरोबर करजो. विसरू नको."

सोमवारी सकाळी शालिकराम घरी पोचला. माणिकबाईला शुद्ध नव्हती. ओठ काळे पडले होते, बोटं गोधडीचे धागे ओढत होती. ती खूण त्यानं बसऱ्यात पुष्कळ पाहिली होती. तरी आधी त्यानं खुशालरावांचं औषध केलं, शब्द दिला होता म्हणून. बाटलीवर ठळक नाव लिहून डकवलं. भाजीवाला उत्तमराव गुरुवारी भाजी घेऊन बडनेऱ्यावरून आगगाडीनं अकोल्याला जाणार होता, त्याच्यासोबत ती पाठवायची होती. हिंदकळू नये म्हणून कापडी पिशवीत चारी बाजूंनी कापूस ठासून त्यानं बाटली बसवली, उत्तमरावला वाचता यावं म्हणून नाव पुढे ठेवलं, आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला अडकवली.

मग त्यानं फळी रिकामी केली. परेडीला आलेल्या प्रत्येकाच्या हातात त्याची बाटली दिली आणि घरी न्यायला सांगितलं. आशाबाई बाटलीकडे नि त्याच्याकडे पाहत राहिली. "कंपोंडर, परेड बंद?"

"बंद."

"नोकरी सुटली म्हणा की आमची," ती हसली, आणि त्याचा चेहरा पाहून पदर सावरत निघून गेली.

दुपारपर्यंत फळीवर एकच बाटली उरली, भिंतीकडे तोंड केलेली. शालिकरामनं आणखी एक बाटली घेतली, तिच्यात साधं पाणी भरलं, चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं आणि ती माणिकबाईच्या बाटलीला अगदी लागून ठेवली. एका काचेला दुसरी काच टेकेल इतकी. पुंजाराम गेल्यापासूनची सगळी वर्षं त्याला उसनी वाटू लागली होती. ती परत करायची तर आपल्याच खिशातून, गावातल्या कोणाच्या नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. भीती वाटायला हवी होती. पण तो थकला होता, आणि थकव्याला भीतीही उचलवेना.

त्यानं दार लावलं, वाळ्याचा पडदा सोडला, आणि माणिकबाईची बाटली धरून हळूच फिरवली. नाव पुढे आलं.

तो स्टुलावर बसून आपल्या नावाकडे पाहत राहिला. बाहेर झळा कौलांवरून घोंघावत होत्या. आतून माणिकबाईचा श्वास ऐकू येई, थांबे, पुन्हा येई. माठाखालच्या ओल्या रेतीचा वास येत होता. मग त्यात दुसराच वास मिसळला... नदीच्या गाळाचा, खजुराच्या सडक्या झावळ्यांचा. बसऱ्यानंतर हा वास त्याला कुठेच आला नव्हता. त्याच्या पाठीमागे काच लाकडावर घासावी तसा बारीक आवाज झाला.

फळी तर समोर होती. दोन्ही नावं समोर होती.

त्यानं वळून पाहिलं. खुंटीवरची पिशवी मंद झुलत होती. झळ आत शिरली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. दार बंद होतं आणि पडदा जागचा हलला नव्हता.

पिशवी स्थिर झाली. वास गेला. आतून श्वासाचा आवाज येईना, म्हणून तो उठला, भिंत धरत खाटेपाशी गेला. माणिकबाईच्या कपाळावर घाम फुटला होता. ती झोपली होती. शांत, तोंड जरा उघडं ठेवून, तापाच्या आधी झोपायची तशी.

मंगळवारी तिनं डोळे उघडून आंबील मागितली. बुधवारी उशाला टेकून बसली आणि गंगूबाईला म्हणाली, "यायनं दाढी कावून केली आज? पावणे येणार हायेत?" शालिकरामनं खरंच दाढी केली होती, धुतलेलं धोतर नेसलं होतं. आपलं बोलावणं येईल म्हणून तो दोन दिवस तयारीनं बसला होता. पण त्याच्या नावाची बाटली फळीवर होती तशीच होती, नाव पुढे करून. ती दर घटकेला पाहून पाहून त्याचे डोळे शिणले होते.

गुरुवारी पहाटे उत्तमराव आला. भाज्यांची गाडी दारात उभी होती. शालिकराम पिशवी काढायला गेला, आणि खुंटीवरून उतरवण्याआधी त्यानं तिचं तोंड उघडून आत पाहिलं. कापूस त्यानं ठासला होता तसाच, घट्ट होता. बाटलीची कोरी काच त्याच्याकडे होती. नाव भिंतीच्या बाजूला होतं. फळीवरच्या त्याच्या बाटलीत नुसतं पाणी होतं, घरात दुसऱ्या रोग्याच्या औषधाची बाटली हीच एक होती.

"द्या ना," उत्तमराव म्हणाला. "ऊन चढन."

शालिकरामनं पिशवी त्याच्या हातात दिली नाही. स्वतःच गाडीवर चढून बसला. बडनेऱ्यापर्यंत आणि पुढे आगगाडीतही, सबंध वाट त्यानं ती मांडीवर धरली होती.

वाडीत निंबाखालची बाज उभी करून झाडाला टेकवून ठेवली होती. जमुना ओसरीत आली. पदरानं डोळे टिपत तिनं सांगितलं, की मामाजी सोमवारी दुपारी गेले. जेवले, बाजेवर पडले, आणि चहाला उठवायला गेली तर अंग थंड होतं. मग तिची नजर पिशवीकडे गेली.

"हे काय, भाऊ?"

"खोकल्याचं औषध. त्याइनं मांगितलं होतं."

जमुनानं पिशवीवरची नजर उचलली.

"मामाजीले खोकला कवाच नव्हता," ती म्हणाली.