आतून धरलेली दुर्बीण

कोल्हापुरात कुणाला रक्ताच्या उलट्या झाल्या की लोक म्हणतात, संघप्रिया मॅडमला बोलवा. म्हणू देत की. पोटात दुर्बीण घालावी तर मीच, खोटं कशाला बोलू?

त्या रात्री राधानगरीकडून पिराजीला आणलं. सदरा रक्तानं भिजलेला. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, माझा हात घट्ट धरला.

"बाईसाहेब, ह्यांच्याबिगर मला कोण न्हाय बघा."

"मी हाय न्हवं? बसा गप."

माझी ती सलग तिसरी रात्रपाळी. स्नेहल सिस्टर हळूच म्हणाली, "मॅडम, अमरसिंह सरांना बोलवू का? झोप काढून ताजे आहेत ते. तुमचे डोळे बघा की."

"मी असताना?"

दिवे मंद केले. दुर्बिणी धुवायच्या औषधाचा उग्र वास, यंत्राची टिकटिक, बाकी चिडीचूप. जठराच्या तळाशी जखम सापडली, भळभळ वाहत होती. एक क्लिप लावली आणि रक्त थांबलं. छाती फुगली माझी.

आमच्यात शिकवतात, आत जाताना सगळेच बघतात, खरा डॉक्टर बाहेर येताना बघतो. सावकाश, एकेक घडी उलगडून. मी मात्र सरळ ओढायला लागले. पापण्या जड झाल्या होत्या, पण ते कबूल कोण करतंय...

दुर्बीण येईना.

विहिरीत सोडलेली घागर खालून कुणी धरावी, तशी आतून धरलेली. पडदा काळा झाला. पिराजी गुंगीच्या औषधानं गाढ झोपेत.

"मॅडम... ओढू नका," स्नेहल कुजबुजली. "हलतीया ती... तुमचा हात तर थांबलाय."

खरंच. माझ्या मुठीत नळी आपोआप वळत होती. हळूच... डावीकडं... कामात असल्यासारखी. मग सैल पडली. मी ती बाहेर काढली.

"उबळ आली असेल," मी म्हटलं.

पिराजी वाचला. धोंडुबाई पाया पडली, मी ताठ मानेनं पडू दिलं. माझ्याच हातानं वाचला, असं सगळ्यांना सांगितलं.

दोन दिवसांनी पुन्हा दुर्बीण घातली. दिवसाउजेडी, झोप पुरी करून. माझी क्लिप जागेवर होती. वर, एका घडीआड, आणखी एक फुटलेली शीर होती. मी ती बघितलीच नव्हती. तिच्यावरही क्लिप होती. एका पाकिटात क्लिप एकच असते, आणि त्या रात्री पाकीट एकच फोडलं होतं, स्नेहल आजही शपथेवर सांगते.

आणि खरं सांगू? ती माझ्यापेक्षा सुबक लावली होती.