ओला गळपट्टा

ही गोष्ट रचलेली नाही. रचली असती, तर शेवट तरी बरा केला असता.

साल १९५८. माझ्या मावशीच्या घरामागचा तबेला. दिवेलागणीची वेळ.

मावशीचे यजमान घोडागाडी हाकत. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांच्या घोडीला मावशीनं शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. आता ती म्हातारी झाली, लंगडू लागली.

"गवळ्याच्या कुरणात सोडून येतो," काका म्हणाले. "चरेल, लोळेल. तुझ्यापेक्षा सुखात राहील!"

"शपथ?"

"तुझ्या गळ्याची."

गाडी ओढताना घोड्याच्या मानेत घालायचा गळपट्टा दुसऱ्या घोड्याला चालत नाही. आतली लोकर त्याच घोड्याच्या मानेबरहुकूम दबलेली असते. आणि ही घोडी गळपट्ट्याशिवाय तबेल्याबाहेर पाऊल टाकत नसे. काकांनी तो उचलला, तशी तिनं रोजच्यासारखी आपणहून मान खाली घातली.

मावशीनं तिचं कपाळ कुरवाळलं.

काका परतले ते रिकाम्या हातानं; गळपट्टाही नव्हता.

तिसऱ्या संध्याकाळी मावशी तबेला झाडत होती...

खुंटीवर गळपट्टा होता.

घामानं ओला. आणि... कोमट.

"अहो, हा परत कशाला आणलात?"

काका दारातच थिजले. "मी... मी नाही आणला."

मावशीनं तो पेटीत ठेवून कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी... पुन्हा खुंटीवर. पुन्हा ओला.

घोडीच्या जागी आणलेला नवा घोडा कोपऱ्यात अंग चोरून थरथरत होता.

सकाळी मावशी तडक गवळ्याकडे गेली.

"कुठली घोडी, ताई? कुरण तर गेल्या वर्षीच विकलं. तिथं आता वीटभट्टी आहे."

घरी येऊन तिनं गळपट्टा काकांसमोर धरला. "कुठं नेलीत तिला?"

काका उंबऱ्यावर बसले.

"कत्तलखान्यात. दारात अडली होती. मग पट्टा काढून पुन्हा पुढं धरला... तिला वाटलं, जुंपायचंय. पट्ट्यात मान घालून मुकाट आत आली. पट्टा तिथंच टाकला गं मी!"

"आणि शपथ माझ्या गळ्याची घेतलीत."

एवढंच बोलून मावशी नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडे निघून आली.

त्यानंतर काकांपुढं कुठल्याच घोड्यानं मान खाली घातली नाही. पट्टा उचलला की डोळे फिरवून मागं सरायचा. गाडीचा धंदा सुटला. काका लाकडाच्या वखारीत ओझी वाहत वारले. नवा घोडा गवळ्यानं दुधाच्या गाडीसाठी नेला. त्याच्याकडे तो निमूट जुंपून घेई.

गळपट्टा कुणी आणला, ते मला आजही कळलेलं नाही.

मावशी आमच्याकडे एकोणीस वर्षं राहिली. "जेवायला चल" म्हटलं, तरी आधी स्वयंपाकघरात डोकावून, ताट खरंच वाढलंय का, ते बघून यायची.