दोन टॉवरांच्या मधली आई

चंद्र आपल्यापासून पावणेचार लाख किलोमीटरहून लांब. तिथल्या तळावरून कादंबरीच्या आईचा आवाज एवढं अंतर तोडून सुखरूप यायचा, आणि धरणाच्या पाण्यावर, निवळी आणि कुंभारखण या दोन गावांच्या अगदी मधोमध येऊन बुडायचा. आता याला काय म्हणावं? कपाळ, दुसरं काय.

निवळीची शाळा सुटली की कादंबरी लाँचने कुंभारखणला घरी यायची. आईला फोनची परवानगी नेमकी त्याच वेळेची. काठ सुटताना आवाज खणखणीत, आणि मध्यावर आलं की "कादू, तुझ्या त्या..." कट. पुन्हा लागला, पुन्हा कट. पलीकडचा काठ जवळ येईपर्यंत आईची वेळ संपत आलेली. वैताग नुसता. आज तर शेवटची संधी होती. आई उद्या चंद्राच्या पलीकडच्या बाजूला निघणार होती, आणि तिथून पुढचे कित्येक महिने फोन नाही.

म्हणून आज लाँच सुटायच्या आधीच कादंबरी सुकाणूसमोर जाऊन उभी राहिली. सुकाणू म्हणजे लाँच चालवणारा यंत्रमानव. प्रवाशांचे फोनही त्याच्याच रेडिओतून लागायचे. सोबत आजोबा होते. जन्मभर रेडिओलहरींवर संशोधन केलेले आजोबा कालच पुण्याहून आले होते.

"तू रोज माझा फोन का तोडतोस?" तिने विचारलं.

"मी तोडत नाही. मी बदलतो," सुकाणू शांतपणे म्हणाला. त्याच्या या शांतपणानेच तिचं डोकं फिरायचं. "निवळीपाशी निवळीच्या टॉवरचा जोर जास्त, कुंभारखणपाशी त्यांच्या. ज्याचा जोर जास्त, त्याच्याकडे मी बोलणं सोपवतो."

"याला हस्तांतर म्हणतात (चालू बोलणं एका टॉवरकडून दुसऱ्याकडे देणं)," आजोबा म्हणाले. "ते करायलाच हवं. पण किती जास्त जोर दिसला की बदलतोस रे?"

"केसभर."

"आणि खात्री करायला थांबतोस किती?"

"थांबत नाही."

आजोबांनी कपाळावर हात मारला. "अरे, मध्यावर दोघांचा जोर सारखाच. त्यात लहरी पाण्यावर आपटून उसळतात, त्यामुळे जोर सारखा वरखाली होतो. घटकेत हा मोठा, घटकेत तो. दर बदलाला बोलण्याचा एक तुकडा गळतो, आणि तू तर बदलतच बसतोस. दोन घरचा पाहुणा उपाशी, तो असा. एका पानावर बसतोय तोच दुसरीकडून हाक. घास तोंडात जायचा कधी?"

"पण हे असलं याला शिकवलं कुणी?" कादंबरी म्हणाली.

"दोन्ही ग्रामसभांनी," सुकाणू म्हणाला.

झालं होतं असं. लाँच नवी असताना सुकाणू मध्यावर जरा जास्त वेळ निवळीचा टॉवर धरून राहायचा. कुंभारखणकर खवळले. आमचा टॉवर उभा असताना मान त्यांचा? मग ठरलं, ज्याचा जोर केसभर जास्त, त्याचा मान त्या क्षणी. मानापानापुढे बिचाऱ्या विज्ञानाला कोण विचारतो.

योगायोगाने दोन्ही सरपंच लाँचमध्येच होते. बाजार करून परत निघालेले कुंभारखणचे विलासनाना, आणि लेकीच्या सासरी निघालेल्या निवळीच्या सुनंदाकाकू. आजोबांनी त्यांना समजावलं. "दोनच गोष्टी करायच्या. एक तफावत (दोन जोरांमधला ठळक फरक). दुसरा टॉवर चांगला ठळक वरचढ ठरेपर्यंत पहिला सोडायचा नाही. आणि दुसरी गोष्ट, पडताळा (जोर खरंच वाढलाय की नुसता उसळलाय, हे पाहायला जरा थांबणं). पण फार थांबूनही चालत नाही, नाहीतर पहिल्याचा आवाज विरून जातो. बाळ एकीकडून दुसरीकडे देतो ना आपण? आधी दुसरीने धरायचं, मग पहिलीने सोडायचं."

"म्हणजे आमच्या पाण्यात येऊनही निवळीचाच टॉवर?" नानांनी विचारलं.

"इकडून जाताना. तिकडून येताना निवळीच्या पाण्यात तुमचा."

"येताना कुठवर?" काकूंनी लगेच विचारलं.

कादंबरीचा संयम सुटला. "काकू, नाना, तुमच्या मानापानात माझी आई रोज बुडते. उद्यापासून ती फोनवरसुद्धा नसणार. आज तरी बोलू द्या मला." बोलता बोलता तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

नाना सुकाणूकडे वळले. मग म्हणाले, "बदल रे बाबा. माझी संमती."

"माझीही," काकू म्हणाल्या. "पोरीचं खरं आहे."

लाँच निघाली. फोन लागला. सवयीप्रमाणे कादंबरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. पडलेला दात, गणिताचे गुण, शेजारच्या गाईला झालेलं वासरू. मध्य आला. तिने डोळे घट्ट मिटले.

"...आणि दात जपून ठेवलास का?" आईचा आवाज सलग आला. सुकाणूने निवळीचा टॉवर धरून ठेवला होता. मग कुंभारखणच्या टॉवरला आधी कळवून त्याने बोलणं कधी सोपवलं, तिला समजलंसुद्धा नाही. डोळे उघडले तर मध्य केव्हाच मागे पडला होता.

आता बोलायचं काय? सगळं तर सांगून झालं होतं. दोघी गप्प बसल्या. एकमेकींबरोबर गप्प बसायला आजवर त्यांना वेळच मिळाला नव्हता.

"कादू, आहेस ना?"

"आहे."

आवाज जायला सव्वा सेकंद, यायला सव्वा सेकंद. तिने वाट पाहिली.

"पलीकडे गेले की मनोरे उभारायचे, हेच माझं पहिलं काम," आई म्हणाली. "उपग्रहाशी जोडणी झाली की पहिला फोन तुला."

लाँच कुंभारखणच्या धक्क्याला लागली. नाना पिशवी मांडीवर घेऊन बसूनच राहिले. सुकाणू 'उतरून घ्या' म्हणणार, तोच काकूंनी त्याला हाताने गप्प केलं. आईची वेळ संपेपर्यंत लाँचमधलं कुणी उठलं नाही.