उठलेली खुडूक

"डॉक्टरबाई, धावत या. दोन मेल्या, बाकीच्या डोळे मिटून बसल्यात!"

फोन आक्कांचा होता. डॉक्टरबाई पोचल्या तर खुराड्याच्या दारातच घाण वास. कोंबड्यांचे चेहरे सुजलेले, नाकं वाहणारी. आक्कांच्या आईपासून जपलेली ही काळी जात. शुद्ध अशी आता दुसरीकडे उरली नव्हती.

"मोठी साथ असेल तर सगळ्या माराव्या लागतील," डॉक्टरबाई म्हणाल्या.

आक्कांनी चौकट घट्ट धरली. त्यांच्या एका डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी होती.

"नवी कोंबडी आणलीत?"

"छे! बाहेरचं पीस आत येऊ देत नाही मी. चपलासुद्धा दारात बदलते."

"दवाखान्यात होतात तेव्हा दाणे कोण टाकायचं?"

"सकाळी भाडेकरू शिंपी, संध्याकाळी भिंतीपलीकडचा माझा भाऊ."

शिंपी हात झटकत म्हणाला, "मी जाळीतूनच टाकले. कोंबडीला भितो मी. हसू नका."

भाऊ फणकारला. "मला हिनं आजवर एक पिल्लू दिलं नाही. खायला अंडी देते, तेवढेच उपकार!"

"पिल्लू देऊ? परसात सतरा जातींचं संमेलन भरवलंयस तू."

आक्कांनी कोपऱ्यातल्या कोंबडीकडे बोट दाखवलं. "हिचं तेवढं बरं झालं. खुडूक होती, अंडी काढून घेतली तरी घरटं सोडेना. मी परतले तर उठून दाणे टिपत होती. आता हीच काय ती धडधाकट."

डॉक्टरबाईंनी तिला उचललं. तुऱ्यावर चोचींच्या ताज्या जखमा. छातीवरची पिसं चाचपली. गच्च भरलेली.

"संध्याकाळपर्यंत थांबू या," त्या म्हणाल्या.

ऊन उतरलं. डॉक्टरबाईंनी ती कोंबडी अंगणात सोडली. तिनं मान वळवली, आक्कांच्या खुराड्याकडे पाठ फिरवली, भिंतीच्या खिंडारातून थेट भावाच्या परसात गेली आणि एका खोक्यावर चढून बसली.

भावाचा चेहरा उतरला.

"अंधार पडू लागला की कोंबडी आपल्या घरी जाते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही तुमची, भाऊ. खुडूक कोंबडी अंडी उबवायला छातीची पिसं उपटते. हिचं एकही गेलेलं नाही. परकी म्हणून बाकीच्यांनी टोचून काढली. तुमच्या कोंबड्यांना सर्दी झाली होती?"

"गेल्या महिन्यात. पण बऱ्या झाल्या की!"

"वरून बऱ्या. रोग अंगातच राहतो. सगळ्या आजारी आणि हीच ठणठणीत, ती त्यामुळे. हिनंच तो इथे आणला. आक्का, ही मोठी साथ दिसत नाही. तपासणीला नमुना पाठवते, औषध आजच सुरू करू. मारायचं कारण नाही."

"माझी खुडूक कुठाय?" आक्कांनी विचारलं.

भावानं त्यांना पलीकडे नेऊन आपल्या खोलीचं दार उघडलं. खाटेखालच्या टोपलीत काळी कोंबडी पिसं फुलवून गुरगुरली. डोळे स्वच्छ, नाक कोरडं.

"खायला दिलेली अंडी मी खाल्ली नाहीत, आक्का. साठवली. उबवायला खुडूक कोंबडी तेवढी नव्हती. काळी दिसली की तुला कळणार नाही, वाटलं."

आक्का पुढे झाल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. चपलांना खुराड्याची माती होती.

त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"हलवू नकोस तिला," त्या म्हणाल्या. "आणि परसातल्या चपला घालून आत पाऊल टाकलंस, तर तंगडी मोडीन."